घात शेतातली साधते, कागदाची मात्र चुकते

वारस नोंद, दाखले, पीक पाहणी आणि चालढकलीचा हिशेब

मृगाचा पाऊस पडून गेला की गावात कोणाला 'कामाला लाग' म्हणून सांगावे लागत नाही. सकाळी शेतात जायचे, मूठभर माती उचलून दाबून पाहायची, वापसा आला आहे असे हाताला कळले की तिफण जुंपायची किंवा ट्रॅक्टरवाल्याला हाक मारायची. त्या दिवशी घरी पाहुणा आला तरी त्याला सांगतात, "पाव्हणं, बसा, च्या घ्या, पण आज आमाला सवड न्हाई." कारण घात साधायची असते. दोन दिवस उशीर झाला तर माती सुकते, आणि घाई केली तर बी चिखलात कुजते.

'घात' या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक म्हणजे शेतातल्या कामाची नेमकी वेळ, आणि दुसरा म्हणजे नाश. पहिली घात चुकली की दुसरा घात होतो, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही.

पण याच शेतकऱ्याच्या घरी माळ्यावर पत्र्याची पेटी असते. तिच्यात सातबारा, खातेउतारा, सोसायटीची पावती, वीजबिल, आजोबांच्या वेळचे खरेदीखत आणि लग्नाच्या पत्रिका, सगळे एकत्र कोंबलेले असते. सातबाऱ्यावर अजून वडिलांचे नाव. कधी कधी वडिलांचेही नाही, आजोबांचे. वडील जाऊन दहा वर्षे झाली. दरवर्षी सांगतात, "यंदा नावं लावून टाकू." पेरणी झाली की करू म्हणतात, मग सुगी झाली की करू, मग लग्नसराई उरकली की करू. तोवर पुन्हा मृग येतो.

शेतकरी आळशी असतो म्हणून हे होते, असे म्हणणारा माणूस कधी पहाटे पाच वाजता पाणी द्यायला गेलेला नसावा. रात्रीची वीज येते म्हणून बारा वाजता मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाला आळशी कोण म्हणेल? मग शेतात न चुकणारा माणूस कागदात का चुकतो? हे नीट पाहिल्याशिवाय त्यावरचा उपाय सापडणार नाही.

कागदाला वापसा नसतो

पहिले कारण असे की, शेतातले काम आपली वेळ आपणच सांगते. तण वाढलेले डोळ्यांना दिसते. म्हैस दुधाला आली की हंबरते. कापसाचे बोंड फुटले की वेचणीला बाया बोलवाव्याच लागतात. कागद मात्र हंबरत नाही. सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचे नाव पाच वर्षे राहिले तरी वरून काहीच बदललेले दिसत नाही. जमीन आपणच कसतो, पीक आपणच घेतो. नुकसान आत आत वाढत असते आणि ते एकाच दिवशी बाहेर येते. बँकेत पीककर्ज मागायला गेलो तेव्हा, रस्त्यासाठी भूसंपादन लागले तेव्हा, किंवा अतिवृष्टीचे अनुदान गावात सगळ्यांना आले आणि आपल्याला आले नाही तेव्हा.

दुसरे कारण असे की, पहिले पाऊल कोणते हेच माहीत नसते. 'वारस नोंद करायची' हे एक काम नव्हे, ती आठ-दहा कामांची मोळी आहे. मोळी उचलवत नाही म्हणून माणूस तिच्याकडे पाहत बसतो. तीच मोळी सोडून एक एक लाकूड नेले तर दुपारपर्यंत घरी पोचते.

तिसरे कारण भीतीचे आहे. कचेरीत गेले की कोणी ओरडेल, हा कागद आणा, तो कागद आणा म्हणेल, दिवस वाया जाईल. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण उगाच पडलेली नाही.

चौथे कारण सगळ्यांत खोल आहे आणि त्यावर गावात कोणी उघड बोलत नाही. वारस नोंद म्हणजे बहिणींची नावे आली. भावाभावांतला जुना विषय निघाला. वडिलांचा मृत्यू कागदावर मान्य करणे आले. "आत्ताच कशाला विषय काढायचा, सगळं गोडीत चाललंय," असे म्हणून घर गप्प बसते. पण ही गोडी फक्त पुढे ढकललेली असते. आज जे बोलणे भावाभावांत व्हायचे, ते उद्या चुलत भावंडांत होते, आणि चुलत भावंडांना एकमेकांची तेवढी भीडही नसते.

उशिराचा दर

कायद्याने उशिराला दर लावून ठेवला आहे. मृत्यूचा दाखला हे त्याचे सोपे उदाहरण आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ सालचा. घरी मृत्यू झाला तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत खबर द्यायची. पैसे लागत नाहीत, खेटेही लागत नाहीत. २१ दिवस उलटले आणि ३० दिवसांच्या आत गेलात तर विलंब शुल्क पडते. ३० दिवसांनंतर वर्षाच्या आत गेलात तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे. जे काम गावातल्या गावात अर्ध्या तासात होत होते, ते तालुक्याला आणि प्रांत कचेरीला जाऊन पोचते. माणूस तोच, दिवस तोच, कागदही तोच. उशीर मात्र वाढला, आणि त्याबरोबर दर वाढला.

वारस नोंदीचेही तसेच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने हक्क मिळाला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) कळवायचे असते. तीन महिने गेले म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही, हेही सांगितले पाहिजे. फेरफार ही महसुली नोंद आहे, ती मालकी देत नाही आणि काढूनही घेत नाही. पण सातबाऱ्यावर जे जे अवलंबून आहे ते सगळे अडते.

काय काय अडते ते मोजू. सोसायटीचे किंवा बँकेचे पीककर्ज अडते. पीएम-किसान योजनेत १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याच्या नावावर जमीन होती तो पात्र धरला आहे. त्या तारखेनंतर नाव लागलेल्यांत वारसाने आलेल्याला सवलत आहे, पण ती घ्यायची तर आधी वारस म्हणून नाव लागले पाहिजे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो क्रमांक सातबाऱ्यावरच्या नावावरून निघतो. नाव नाही तर क्रमांक नाही, आणि क्रमांक नाही तर ठिबक नाही, अवजार नाही. भूसंपादन झाले तर मोबदल्याची नोटीस मेलेल्या माणसाच्या नावाने येते, आणि वारसांत वाद असेल तर रक्कम हातात न येता कोर्टात जाऊन पडते.

सहाची पंधरा नावे

उशिराने काम कसे वाढते, याचा एक हिशेब करून पाहू. हे कुटुंब कल्पनेतले आहे, पण असे कुटुंब नाही असे गाव शोधून सापडणार नाही.

आजोबा वारले तेव्हा मागे आजी, तीन मुलगे आणि दोन मुली होत्या. म्हणजे सहा वारस. एक मृत्यूचा दाखला आणि एक अर्ज, एवढ्यावर काम होते. ते झाले नाही. तीस वर्षे गेली. दरम्यान आजी गेली, थोरला गेला, मधला गेला आणि एक मुलगीही गेली. आता मोजा. थोरल्याची बायको आणि चार मुले-मुली मिळून पाच. मधल्याची बायको आणि तीन लेकरे मिळून चार. गेलेल्या मुलीचा नवरा आणि तीन मुले मिळून चार. हयात असलेला धाकटा एक आणि हयात मुलगी एक. झाले पंधरा. सहा नावांचे काम पंधरा नावांवर गेले. एका दाखल्याऐवजी पाच दाखले लागणार. यातला एक नातू पुण्यात, एक सुरतेला, एक नात लग्न होऊन दुसऱ्या राज्यात. कोणाच्या आधारवर नाव वेगळे, कोणाचे आडनाव बदललेले. आणि हे पंधरा जण एका ठिकाणी फक्त लग्नाला किंवा मयतीला भेटतात.

अजून दहा वर्षे थांबलात तर पंधराचे पंचवीस होतील. शेत मात्र वाढणार नाही.

बहिणीच्या नावाचा प्रश्न

गावातल्या बहुतेक चालढकलीच्या मुळाशी हाच प्रश्न असतो, म्हणून तो टाळून चालणार नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. वडिलांच्या पश्चात मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि हयात असेल तर आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्माने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. त्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा खटल्यात मिटवला. वडील हयात असण्याची अट नाही, असा निकाल झाला.

तेव्हा "नोंद लांबवली तर बहिणींचा विषय आपोआप मिटेल," असे कोणाच्या मनात असेल तर ते चुकीचे आहे. बहिणीचे नाव गाळून केलेली नोंद पुढे कधीही हरकतीत अडकू शकते. बहिणीला हिस्सा नको असेल तर तिने राजीखुशीने हक्कसोडपत्र करून द्यावे, पण ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले असले पाहिजे. साध्या कागदावरची किंवा तोंडी हक्कसोड चालत नाही. आणि तिला हिस्सा हवा असेल, तर तो तिचा आहे. भाऊबीजेला ओवाळणी घालताना हा विषय काढणे अवघड वाटते खरे. पण कोर्टात वकिलाच्या तोंडून काढण्यापेक्षा ते पुष्कळ सोपे आहे.

हेही ध्यानात ठेवावे की, वारस नोंद आणि वाटप ही दोन वेगळी कामे आहेत. नावे लावली म्हणजे लगेच बांध पडत नाहीत. वाटप नंतर सर्वांच्या संमतीने कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे करता येते. शेतजमिनीच्या वाटपपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला. तेव्हा भांडण होईल या भीतीने पहिले काम अडवून ठेवण्याचे कारण नाही. आधी नावे लावावीत, वाटपाचे नंतर बसून बोलावे.

मोळी सोडा, लाकडे मोजा

आता काम कसे उरकायचे ते पाहू. वारस नोंदीची मोळी सोडली तर तिच्यात एवढी लाकडे निघतात.

एक, मयताचा मृत्यूचा दाखला काढणे. दोन, चालू सातबारा आणि आठ-अ काढणे. मयताच्या नावाची दुसऱ्या गावातली जमीन असेल तर तिचाही उतारा घेणे. तीन, सगळ्या वारसांची नावे, वय, पत्ता आणि मयताशी नाते एका कोऱ्या कागदावर लिहिणे. चार, प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स गोळा करणे. पाच, वारसांबाबतचे प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र तयार करणे. सहा, अर्ज देणे आणि पोच घेणे. अर्ज तलाठी कार्यालयात देता येतो आणि 'ई-हक्क' प्रणालीवर ऑनलाइनही भरता येतो.

त्यापुढचे काम दप्तराचे. गाव नमुना सहा-क म्हणजे वारस रजिस्टरला नोंद होते, चौकशी होते, मंडळ अधिकारी वारस ठरवतात. मग गाव नमुना सहा म्हणजे फेरफार रजिस्टरला नोंद पडते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबाऱ्यावर नावे येतात. हरकत आली तर ती तक्रार नोंदवहीत जाऊन सुनावणी होते.

आपल्या हातातली लाकडे सहाच आहेत. यातले एकही काम पूर्ण दिवसाचे नाही. तिसरे तर आज रात्री जेवण झाल्यावर घरच्या घरी होते. म्हणून 'वारस नोंद करायची आहे' असे मनाला सांगू नये. 'उद्या बाजाराला जाईन तेव्हा सातबारा काढीन' असे सांगावे. पहिल्या वाक्याने माणूस सुस्कारा टाकतो, दुसऱ्या वाक्याने पिशवी उचलतो.

बाजाराचा दिवस हीच घात

कागदाला आपला वापसा नाही, म्हणून त्याला आपण घात नेमून द्यायची. यासाठी वहीतल्या तारखांपेक्षा गावाच्या अंगवळणी पडलेले दिवस बरे. आठवडी बाजाराला आपण तालुक्याला किंवा मोठ्या गावाला जातोच. बाजाराचा दिवस कागदाचा दिवस ठरवावा. दर बाजाराला एकच कागदी काम करायचे. दोन नाही, आणि शून्यही नाही. असे सहा बाजार झाले की वरची सहा लाकडे संपली. दीड महिन्यात दहा वर्षांचे काम मार्गी लागते.

वर्षाच्या कामांनाही असेच सण नेमून देता येतात. पाडव्याला सालगड्याचे वर्ष ठरते, त्याच दिवशी घरातली पत्र्याची पेटी उघडून कागद लावावेत. अक्षय तृतीयेच्या आत माती परीक्षणाचा नमुना द्यावा, कारण रान मोकळे असते आणि खत टाकायच्या आधी अहवाल हाती येतो. पेरणीच्या पंधरा दिवस आधी घरच्या सोयाबीनची उगवण तपासावी. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवायचे आणि आठवड्याने मोड मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणे पेरायला योग्य. हे काम दहा मिनिटांचे आहे, पण ते टाळले तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर बसतो. श्रावणात ई-पीक पाहणी उरकावी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पाहणी राज्यभर मोबाईलवर सुरू झाली आहे. तिची मुदत दर हंगामाला जाहीर होते, आणि शेवटच्या दोन दिवसांत सगळे गाव एकदम लागले की मोबाईल फिरत बसतो. पाहणी राहिली तर उभे पीक असूनही सातबाऱ्याचा पिकाचा रकाना कोरा राहतो, आणि हमीभावाच्या खरेदीपासून नुकसानभरपाईपर्यंत सगळीकडे तोच रकाना विचारतात.

शेतातही एक चालढकल आहे, तीही येथेच सांगू. कपाशीची फरदड. "अजून एक वेचा निघंल," म्हणून डिसेंबरनंतरही पऱ्हाट्या उभ्या ठेवल्या की गुलाबी बोंडअळीला वर्षभर घर मिळते. एका वेच्याच्या लोभाने पुढच्या हंगामाचा खर्च वाढतो, आणि एकट्याच्या नव्हे, सगळ्या शिवाराच्या. काम करणे जसे पुढे ढकलता येते, तसेच थांबणेही पुढे ढकलले जाते. दोन्हींचे नुकसान सारखेच.

कर्जाचेही तसेच. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळते. मुदत चुकली की सवलत जाते. पैसे फेडायचेच आहेत, मग मुदतीनंतर फेडून जास्त व्याज का भरायचे? सोसायटीच्या सचिवाला फेडीची नेमकी तारीख विचारून ती चुन्याने भिंतीवर लिहून ठेवली तरी चालेल.

पेटीतले सहा गठ्ठे

कागद वेळेवर निघावेत म्हणून आपल्याच राज्यातल्या कचेऱ्यांनी एक चांगली रीत पाडली आहे. अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी जिल्हाधिकारी कचेरीतल्या दप्तराची नव्याने मांडणी केली. ती 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर नावाजली गेली. पुढे २०१७ साली चंद्रकांत दळवी पुण्याचे विभागीय आयुक्त असताना 'झिरो पेंडन्सी' मोहीम निघाली. तिच्यात प्रत्येक टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायला सांगितले होते. आज निकाली काढायची प्रकरणे, ज्यांच्यावर दुसऱ्याचे उत्तर यायचे आहे ती, ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणे, नेहमी लागणारे आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद.

कचेरीसाठी काढलेली ही युक्ती माळ्यावरच्या पेटीलाही चालते. सहा प्लॅस्टिकच्या पिशव्या घ्याव्यात. पहिल्या पिशवीत आत्ता करायचे कागद. दुसरीत अर्ज देऊन उत्तराची वाट आहे असे कागद, पोचपावतीसह. तिसरीत दरवर्षी येणारे, म्हणजे घरपट्टी, वीजबिल, सोसायटीचा हप्ता. चौथीत कायम लागणारे, म्हणजे आधार, बँक पासबुक, शेतकरी ओळख क्रमांक यांच्या झेरॉक्स. पाचवीत जपून ठेवायचे, म्हणजे खरेदीखत, जुने फेरफार, मोजणीचा नकाशा. सहावीत टाकून द्यायचे. पहिली पिशवी जाड झालेली दिसली की कागद हंबरायला लागला असे समजावे. दर बाजाराला तिच्यातला एक कागद काढायचा आणि दुसऱ्या पिशवीत घालायचा, एवढेच काम.

एक गोष्ट आणखी. कागदाचे काम घरात एकाच्या नावाने ठरवावे. "कोणी तरी जाईल" म्हटले की कोणी जात नाही. घरातली सून किंवा शिकलेली मुलगी हे काम चांगले करते. पिशव्यांची किल्ली तिच्या हाती द्यावी आणि मोबाईलही तिलाच वापरू द्यावा. एकट्याला कचेरीची भीती वाटत असेल तर शेजाऱ्याला सोबत घ्यावे. इर्जिकीला दहा जण एकमेकांच्या रानात जातातच. मग दोघे जण मिळून तहसीलला जायला काय हरकत आहे? एकाचा अर्ज दुसऱ्याने वाचायचा आणि दुसऱ्याचा पहिल्याने. ज्याला आपण सांगून ठेवले आहे तो सकाळी दारात येऊन उभा राहिला की "आज नको, उद्या" म्हणायला जीभ वळत नाही.

खुर्चीकडची चालढकल

सगळा दोष शेतकऱ्याच्या पदरात टाकणे न्यायाचे होणार नाही. सहा लाकडे वाहून नेली आणि कचेरीच्या दारात मोळी पडून राहिली, तर पुढच्या वेळी तो माणूस लाकडे उचलणारच नाही. गावातली निम्मी चालढकल ही कचेरीतल्या चालढकलीची सावली आहे.

यावरही कायदे आहेत. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणारा राज्याचा २००५ चा अधिनियम १ जुलै २००६ पासून लागू आहे. त्याप्रमाणे कोणतीही फाईल कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालचा. त्यात अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे. मुदतीत सेवा मिळाली नाही तर पहिले अपील, दुसरे अपील करता येते, आणि विनाकारण उशीर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण या दोन्ही कायद्यांचा उपयोग पोचपावती असेल तरच. "साहेबांना सांगून आलोय" हा पुरावा होत नाही. तारीख आणि सही असलेला कागदाचा तुकडा हा पुरावा होतो. तो घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नये.

गावपातळीवरच्या अधिकारी मंडळींना येथे एक सुचवावेसे वाटते. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते आणि वारसाची नोंद तलाठी कार्यालयात. दोन दप्तरे एकाच गावात, कधी एकाच आवारात, पण एकाची खबर दुसऱ्याला नसते. ग्रामसेवकांनी (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) मृत्यूचा दाखला देतानाच वारस नोंदीला काय काय लागते याची चिठ्ठी सोबत दिली, आणि महिन्याच्या शेवटी मयत खातेदारांची यादी तलाठ्यांना दिली, तर नव्याने एकही खाते मेलेल्याच्या नावावर राहणार नाही. यासाठी नवा आदेश यावा लागत नाही. सरपंचांनी मनावर घेतले तरी पुरे.

हे होऊ शकते, याचा दाखला आहे. २०२५ साली महसूल विभागाने 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली. बुलढाणा जिल्ह्यात आधी सुरुवात झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून ती राज्यभर निघाली. तलाठ्यांनी चावडीवर वाचन करून मयत खातेदारांच्या याद्या केल्या आणि वारसांची नावे लावण्याचे काम ठरावीक तारखांत बांधून दिले. वर्षानुवर्षे पडून राहिलेली प्रकरणे तेव्हा हलली ती तारीख, यादी आणि चावडीवरचे वाचन यांमुळे. काम उरकण्याच्या सगळ्या युक्त्या या तिन्हींत आल्या. काम कोणते ते लिहा, कधी करायचे ते ठरवा, आणि चार माणसांसमोर बोला.

मोहीम रोज येत नाही, ग्रामसभा मात्र येतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांत मयत खातेदारांची यादी वाचून दाखवली, तर चावडी वर्षातून चार वेळा भरल्यासारखी होईल. यादीत आपल्या वडिलांचे नाव ऐकले की पोरगा दुसऱ्या दिवशी दाखला काढायला जाईल. ज्यांच्या सातबाऱ्यावर अजून मयताचे नाव आहे त्यांनी तोवर थांबू नये. येत्या बाजाराला पिशवीत आधार कार्ड टाकावे आणि चालू सातबारा घेऊनच घरी यावे. त्या रात्री कंदील असो की बल्ब, त्याच्या उजेडात वारसांची नावे एका कागदावर लिहावीत, बहिणींची नावे धरून.